बिबट्याचे डोळे आणि रात्रीची लाईट

पूर्वी शाळेच्या गॅदरिंगला वाघ असायचा. आता आपल्या जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडची पोरं बिबट्या मागतात. मागणारच की. वाघ त्यांनी पुस्तकात बघितलाय, बिबट्या घरामागच्या उसात. यंदा सातवीतल्या आमच्या भाचीच्या वर्गानं चार मिनिटांची नाटिका बसवली. बाप मध्यरात्री पाणी द्यायला उठतो आणि वाटेत बिबट्या भेटतो, एवढीच गोष्ट. बिबट्या भाचीच, आणि टोप करायचं काम मामाकडं. म्हणजे माझ्याकडं. थोडं मोठं लिहितोय, पण वाचा. शेवटी आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

आधी टोपाचं सांगतो, कारण तीन-चार जणांनी विचारलंय. तोंड झाकणारा मुखवटा केला नाही. पोरीला संवाद आहेत, आणि स्टेजच्या पायऱ्या अंधारात उतरायच्या असतात. त्यामुळं बिबट्याचं तोंड कपाळाच्या वर आणि पोरीचा चेहरा खाली मोकळा.

सामान म्हणजे फोम शीट. स्टेशनरीच्या दुकानात रंगीत पातळ शीट मिळते तीच. जाड हवी असेल तर चपला-बुटांचं मटेरियल विकणाऱ्याकडं बघा. चपलेच्या तळव्याला जो इव्हीए फोम लावतात, त्याच जातीचा हा माल. डोक्याच्या भागाला पाच मिलीमीटर, कान आणि ठिपक्यांना दोन मिलीमीटर. थर्माकोल घेऊ नका. तो मोडतो, आणि चपलेचं सोल्युशन लावलं की विरघळतो.

माप असं घेतलं. कपाळावरून डोक्याचा घेर ५३ सेंटीमीटर भरला. तेवढी वर्तमानपत्राची पट्टी, तिच्यावर एक पट्टी या कानापासून त्या कानापर्यंत, दुसरी कपाळापासून मानेपर्यंत. असा सांगाडा झाला की मधल्या जागा कागदानं भरायच्या, चिकटपट्टी लावायची आणि मग कापून सपाट करायचं. तोच आपला साचा. सपाट फोमला गोलाई येण्यासाठी कडेला पानाच्या आकाराच्या चिरा काढायच्या आणि त्यांच्या कडा एकमेकींना चिकटवायच्या. ब्लाऊजला टक्स घालतात तसंच. ताईनं ते एका नजरेत ओळखलं.

कटरचं पातं नवं आणि उभं धरा. बोथट पात्यानं फोम कुरतडल्यासारखा निघतो. सोल्युशन दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच जोडायचं. एकदा चिकटलं की सुटत नाही. हे काम अंगणात करा. वास उग्र असतो, पोरांना लांब ठेवा. दुकानात मोटारीच्या वायरवरची स्लीव्ह आवळायला हीट गन आहे, ती फोमवर जरा फिरवली की फोम मऊ पडतो. कान उपड्या तांब्यावर दाबून गार होऊ दिले, तर तसेच वाकलेले राहिले. मग फेव्हिकॉलचे दोन पातळ हात, ते वाळल्यावर ॲक्रिलिक रंग. ठिपके मात्र नीट बघून काढा. अंगावर बिबट्याला भरीव टिकल्या नसतात, तुटक कडी असते. तोंडावर आणि पायावर भरीव.

आता डोळे. तयार मुखवट्यांचे डोळे बटण दाबलं की सारखे लुकलुकत राहतात. भाचीला तसे नको होते. ती म्हणाली, "मामा, त्याचे डोळे आपण बॅटरी मारल्यावरच चमकतात. बॅटरी मारली नाही तर तो असतो, पण दिसत नाही."

यात शास्त्राची चूक काढून दाखवा. बिबट्याच्या डोळ्यात पडद्यामागं आरशासारखा एक थर असतो. आत गेलेला उजेड त्याच्यावरून परत फिरतो, म्हणून त्याला कमी उजेडात चांगलं दिसतं आणि आपल्याला ते दोन दिवे दिसतात. उजेड त्याचा नसतो, आपल्या बॅटरीचा असतो. हे पोरीला कुणी शिकवलेलं नाही. दाजी रात्री रानात निघाले की ती ओट्यावर उभी राहून बॅटरी धरते, ते पंपाच्या खोलीत पोचेपर्यंत. मग आत जाऊन झोपते. झोपते असं आपण म्हणायचं.

म्हणून जोडणी तशीच केली. दोन पिवळे एलईडी, प्रत्येकाला स्वतंत्र ६८ ओहमचा रेझिस्टन्स, दोन पेन्सिल सेल. पिवळ्या एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, दोन सेलचे तीन होतात, उरलेलं रेझिस्टन्स झेलतो. सेलची डबी कंबरेला, म्हणजे डोक्यावर वजन नाही. वायर मानेमागून खाली आणि हातात घराच्या बेलचं बटण. स्टेजवर बाप बॅटरी मारतो तेव्हाच पोरगी बटण दाबते. बॅटरी दुसरीकडं फिरली की डोळे गायब. तालमीला बघितलं, मागं बसलेल्या आया बोलायच्या थांबल्या.

एक कळकळीची सूचना. शर्टाच्या बटणासारखे चपटे गोल सेल पोरांच्या सामानात वापरू नका. घरात लहान पोर असेल तर मुळीच नको. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. पेन्सिल सेल घ्या आणि डबी स्क्रूनं बंद होणारी घ्या.

बिबट्याच्या जबड्याला लाल रंग लावा, असं कुणीतरी सुचवलं होतं. पोरांनी नको म्हटलं. नाटिकेत बिबट्या कुणाला मारत नाही, बापही त्याला मारत नाही. दोघं समोरासमोर थांबतात आणि पडदा पडतो. मला हे पटलं. बिबट्या साधारण तीन महिन्यांत वितो, आणि आपला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच जंगल. तोडीच्या वेळी पिल्लं सापडतात, वन खातं ती क्रेटमध्ये ठेवतं आणि आई रात्री येऊन घेऊन जाते, हे आपल्यापैकी कितीतरी जणांनी बघितलंय. तो इथून जाणार नाही. आपणही जाणार नाही.

मग बदलण्यासारखं काय राहिलं? वेळ.

शिरूरच्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात माणसं गेली, लहान लेकरंही गेली. त्यानंतर गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून रानात जाणाऱ्या बायाबापड्यांचे फोटो सगळीकडं फिरले. धनगराच्या कुत्र्याला लांडग्यापासून वाचवायला बांधतात तसे पट्टे. लोकांनी ते शेअर केले, हळहळले, विसरले. हल्ला दिवसाही होतो, मान्य. पण मध्यरात्री माणसाला एकट्यानं रानात पाठवणारी गोष्ट कोणती? शेतीपंपाची लाईट. काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रात्रपाळी, हे चक्र माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे.

शहरातले मित्र विचारतात, ऑटो स्टार्टर बसवा ना, मोबाईलवरून मोटार चालू करा. अहो, ते मीच बसवून देतो. मोटार घरून चालू होते, पण दारं कोण धरणार? एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायला माणूस लागतो, हातात फावडं घेऊन, वाकलेला. ठिबक असेल त्याचं निभतं. पाटपाण्यावाल्याचं नाही.

उपाय आकाशातून पडायचा नाहीये. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. शेतीचे फिडर सौर प्रकल्पाला जोडायचे आणि पंपांना दिवसा वीज द्यायची, हाच तिचा हेतू. राज्यात काही फिडरना तशी वीज मिळतेही. प्रश्न एवढाच की बिबट्याच्या पट्ट्यातल्या फिडरचा नंबर आधी लागणार की शेवटी. हा क्रम धोका बघून ठरला पाहिजे, आणि तो मागितल्याशिवाय ठरत नाही.

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आलीय. "दिवसा वीज मिळावी" असा मोघम ठराव करू नका, तो फायलीत जातो. फिडरचं नाव लिहा, त्याच्यावर किती पंप आहेत ते लिहा, रात्रपाळीचे वार लिहा, वर्षभरात कुणाला कुठं बिबट्या दिसला त्या तारखा लिहा. पोचपावती घ्या. आपल्या फिडरवरचे वार आणि तारखा खाली कमेंटमध्ये टाका, एकत्र यादी करून देतो. बाया रात्री दारं धरायला जात असतील तर तेही लिहा, लपवू नका.

आणि टोपाचा कागदी साचा दुकानात ठेवलाय. ज्या शाळेला हवा त्यांनी घेऊन जा. बटण कुठल्या हातात चांगलं बसतं ते भाचीला विचारा, ती सांगेल.