दोनशे सत्तर

‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये पहिल्या सकाळी हाती येते ती २७० एककांची ताकद. कुदळ, कुऱ्हाड, झारी, काहीही चालवा, दर घावाला दोन जातात. गळ टाकला की आठ. महापौर लुईस देतात त्या पार्स्निपच्या १५ बियांसाठी माती खणायला तीस, पाणी घालायला आणखी तीस. तेही रोज, पीक येईपर्यंत. म्हणून सगळं रान एका दिवसात साफ करायचा मोह मी आवरते. गवत मात्र खुशाल कापावं, विळ्याला ताकद लागतच नाही.

मला या खेळातले पावसाचे दिवस फार आवडतात. झारी बाजूला राहते, वाचलेली सगळी ताकद खाणीत लावता येते. दक्षिणेच्या जंगलात वसंतात पातीचे कांदे उगवतात, फुकट. एक खाल्ला की तेरा परत. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेल्या, २०१६ साली आलेल्या या खेळात थकव्यालाही किंमत आहे, हे मला मनापासून भावतं. ताकद शून्यावर गेली तर दुसरा दिवसही अर्ध्याच बळावर सुरू होतो. तेव्हा नव्याने खेळणाऱ्यांनो, ताकदीच्या पट्टीत थोडं शिल्लक असतानाच, मध्यरात्रीच्या आत अंथरूण गाठा.