बायकांची गोळी

येरमाळ्यात कुणाला रक्त हवंय म्हटलं की पोरं धावतात. गाव सोलापूर-धुळे महामार्गावरचं, अपघात नवे नाहीत. मोबाइलवर रक्तगट पडला की थोड्याच वेळात गाड्या निघतात. या धावपळीत मी पुढे असायचो आणि त्याचा मला अभिमान होता. रक्त गेलं तर रक्त भरायचं, माझं शास्त्र एवढंच. ते जाऊच नये म्हणून काही करता येतं, हे डोक्यात कधी आलं नाही. तसं औषध घरात आलं होतं, तर मी त्याची टिंगल केली होती.

बायकोच्या अंगावरून फार जायचं. डॉक्टरांनी ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, पाळीच्या दिवसांपुरत्या. मी म्हणालो, दर महिन्याला गोळ्या कशाला, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. आमच्या भागात हे सहज बोललं जातं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ती बातमी वाचून मी चार लोकांत हळहळलो होतो. तोच सल्ला मी घरात देऊन बसलो होतो, हे तेव्हा आठवलंसुद्धा नाही. बायकोने माझं ऐकलं नाही, ही तिची अक्कल.

पुढे थोरल्या भावाची बायपास ठरली, सोलापुरात. दादाला ती चैत्री यात्रेच्या बरीच आधी उरकायची होती. यात्रेत येडाई देवीची चुनखडी वेचायला चुन्याच्या रानात गेल्याशिवाय त्याला वर्ष गेल्यासारखं वाटत नाही. मी रक्ताची सोय करून ठेवली. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम सगळं समजावून सांगत होत्या. त्यात ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं नाव कानावर पडलं आणि मी उसळलोच.

“मॅडम, ती बायकांची गोळी. आणि याला तर रक्त पातळ राहावं म्हणून गोळ्या चालू होत्या. आता तुम्ही घट्ट करणार? नवीन जोडलेल्या नसा बंद पडल्या तर?”

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, बसा.”

बायपासमध्ये बऱ्याचदा रक्त मशीनमधून फिरवतात. नळ्यांत ते गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि शेवटी प्रोटामिन देऊन त्याचा असर उतरवतात. एवढ्याने काम संपत नाही. परक्या नळ्यांतून फिरलेल्या रक्तात गुठळी विरघळवणारं प्लाझ्मिन भलतंच जागं झालेलं असतं. टाक्यांपाशी शरीराने धरलेली गुठळी ते विरघळवत राहतं, आणि छातीत ठेवलेल्या नळीतून रक्त येत राहतं. फारच आलं तर छाती पुन्हा उघडावी लागते. हे औषध त्या विरघळवण्याला आडवं येतं. ते नवी गुठळी करत नाही, झालेली टिकवतं. “लिंपण वाळायच्या आत त्यावर पाऊस पडू नये, एवढंच बघायचं,” मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनीच उलट विचारलं: याला कधी फिट आली होती का? किडनी कशी आहे? या औषधाने क्वचित फिट येते, म्हणून डोस बेताने ठरवतात. धोका लपवला नाही, तिथेच माझा सूर खाली आला. घरी आल्यावर मी वाचत बसलो. पूर्वी गायीबैलांच्या फुप्फुसांतून काढलेलं ॲप्रोटिनिन याच कामासाठी वापरत. कॅनडातल्या अभ्यासात ते घेतलेल्यांत मृत्यू जास्त दिसले, अभ्यास थांबवावा लागला आणि २००७ साली कंपनीने त्याची विक्री थांबवली. म्हणजे शंका घेणं काही गैर नव्हतं. माझ्या शंकेचं मूळ मात्र लाजिरवाणं होतं. बायकांना देतात ते औषध पुरुषाच्या काळजाला कसं चालेल, एवढंच तिच्या तळाशी होतं.

ट्रानेक्सॅमिक ॲसिडची परीक्षा साडेचार हजारांहून जास्त रुग्णांवर झाली, निकाल २०१७ साली छापून आला. रक्तस्रावामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून १.४ वर आलं. मृत्यू किंवा गुठळीचे धोके वाढले नाहीत. फिट मात्र हजारात एकाऐवजी सात जणांना आल्या.

आणि हे औषध शोधलं कुणी? जपानच्या उताको ओकामोतो या बाईंनी, नवरा शोसुके यांच्यासोबत, १९६२ साली. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात, त्या वाचाव्यात म्हणून. बाळंतिणींवरचा मोठा अभ्यासही २०१७ सालीच छापून आला. वीस हजार बायकांचा, औषध लवकर दिलं तर जीव वाचतात असं सांगणारा. ओकामोतोबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. बायकांची गोळी ती होतीच. हिणवण्यासाठी तो शब्द मी वापरला.

दादाला रक्ताची एकच पिशवी लागली. औषध नसतं तर किती लागली असती, ते कुणी सांगावं. घरी येऊन बायकोला हे सगळं मी उत्साहाने सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भावाच्या छातीत गेलं तेव्हा औषध झालं होय ते?”

मी विचारलं, तेव्हा तुझं हिमोग्लोबिन किती होतं? हा प्रश्न त्या वेळी मी विचारला नव्हता, रिपोर्टही उघडून पाहिला नव्हता. “सात,” ती म्हणाली. रक्तदानाला आलेल्या पोराचं साडेबाराच्या खाली असलं तर आम्ही त्याला परत पाठवतो.