२२० वजा वय

सायकलिंगसाठी नवं घड्याळ घेतलं की ते आधी जन्मतारीख विचारतं. मग २२० मधून वय वजा करतं आणि तुमच्या हृदयाचे कमाल ठोके ठरवून मोकळं होतं. माझं वय २८, म्हणजे मिनिटाला १९२. पुढचे सगळे झोन याच आकड्याच्या टक्केवारीवर.

बोपदेव घाटात, छातीला पट्टा लावलेला असताना, मी २०१ बघितलेत. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या रविवारी. आमच्या ग्रुपमधला माझ्याच वयाचा एकजण जीव काढला तरी १८१ च्या वर जात नाही, आणि वर पोचून माझी वाट बघत चहा पीत बसलेला असतो. घड्याळाच्या मते आम्ही दोघंही १९२. त्याच्या स्क्रीनवर ९० टक्के दिसतात तेव्हा तो बिचारा ९५ च्याही पुढे गेलेला असतो.

कोडमध्ये अशा आकड्याला आम्ही डिफॉल्ट म्हणतो. कुणीतरी ‘सध्या असू दे’ म्हणून टाकतं, मग त्याला कुणी हात लावत नाही. ही ओळ मुळात लिहिली कुणी, हे शोधत मागे गेलं की १९७१ सालचा एक लेख सापडतो. अमेरिकेतल्या फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांचा. विषय सायकलिंग नव्हताच, व्यायाम आणि हृदयविकार हा होता. त्यांनी सूत्रासाठी वेगळा प्रयोगही केला नव्हता. आधीच्या अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडले आणि लक्षात राहील अशी एक रेघ सुचवली. वजाबाकी तोंडी जमते, म्हणून ती जिमच्या भिंतीपासून मनगटापर्यंत सगळीकडे पोचली.

२००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ लोकांचे आकडे एकत्र करून नवं सूत्र दिलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. कितीतरी भक्कम काम. त्यानं माझं उत्तर १८८ येतं, म्हणजे खऱ्यापासून आणखी लांब! यात तनाकांचा दोष नाही. सूत्र गर्दीची सरासरी सांगतं, आणि गर्दीतली साधारण दोन-तृतीयांश माणसं त्या सरासरीच्या दहा-बारा ठोके अलीकडे-पलीकडे असतात. उरलेली त्याहून लांब. आपण कुठे आहोत हे जन्मतारखेला माहीत नसतं.

बरं, कमाल ठोके जास्त म्हणजे फिटनेस जास्त असंही नाही. सराव केला की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. कमाल वेग मात्र वाढत नाही, वयाबरोबर हळूहळू उतरतो. धावताना तो सायकलपेक्षा सहसा थोडा वर जातो, कारण शरीराचे जास्त स्नायू कामाला लागतात. आणि मनगटावरचा हिरवा दिवा आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत कधीकधी भलतंच काहीतरी मोजतो, म्हणून पट्टा. वीस मिनिटं अंग गरम करून, लांब चढावर दोन-तीनदा जोर लावून, शेवटचा पूर्ण जीव तोडून: तरुण आणि धडधाकट माणसाला आपला आकडा असाच मिळतो.

पण हा प्रयोग सगळ्यांनी करायचा नसतो. बाबा ५९ वर्षांचे आहेत. अँजिओप्लास्टीनंतर त्यांची टीएमटी झाली, तिथेही तीच वजाबाकी: १६१, त्याचे ८५ टक्के १३७. बाबा ११८ ला दमले. रिपोर्टवर छापून आलं, ‘टार्गेट हार्ट रेट नॉट अचीव्हड’. आईनं तो कागद नापास झालेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकासारखा घडी घालून कपाटात ठेवला आणि दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावलं: बाबांना बीटा-ब्लॉकर चालू आहे, आणि ठोके वाढू न देणं हेच त्या गोळीचं काम. चाचणी अपुरी राहिली एवढाच त्याचा अर्थ. गोळीचं नाव त्या सूत्रात कुठेच बसत नाही.

त्यांनी सायकलला परवानगी दिली, फक्त एक अट घातली: चालवताना सलग बोलता आलं पाहिजे.

माझ्या सेटिंगमध्ये आता २०१ आहे. बाबांच्या घड्याळातले झोन मी बंद करून टाकलेत, ते फक्त वेळ दाखवतं. सकाळी आम्ही एनडीएच्या बाजूला जातो. बाबा सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं राजकारण पहिल्यापासून सांगत असतात. चढ आला की वाक्यं आखूड होतात. सेक्रेटरीचं नाव घेऊन ते मध्येच थांबले की मी गिअर उतरवतो आणि म्हणतो, “मग पुढे काय झालं?”