हौदातलं शेवाळं

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर यायचा. त्याचं पाणी हौदात साठवायचं, नि हौद हिरवा पडला की आजी शिव्या घालत, नारळाची शेंडी घेऊन आत उतरायची.

त्यामुळे मायक्रोबायोलॉजी शिकायला गेलेली मी सुट्टीत स्पिरुलिनाची हिरवी पूड घरी घेऊन आले, तेव्हा आजी हसतच सुटली. "शेवाळं घासण्यात माझा जन्म गेला, आन् तू ते इकत आणलंस?"

मी समजावलं, की हे हौदातलं शेवाळं नव्हे. हा सायनोबॅक्टेरिया. वाळवलेल्या स्पिरुलिनात जवळपास ६० टक्के प्रथिनं असतात. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठच्या बायका तो गोळा करून उन्हात वाळवतात, कालवणात घालतात. युरोपची अवकाश संस्था १९८९ पासून 'मेलिसा' प्रकल्पात त्यावर काम करतेय. चंद्रावर-मंगळावर राहायला जाणारा माणूस सगळं धान्य सोबत कसं नेणार? हा जीव माणसानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतो, ऑक्सिजन देतो, वर खाताही येतो. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा भारतीय प्रयोगांत खाण्याजोगी सूक्ष्म शैवालं होती. सायनोबॅक्टेरिया तिथं युरियावर कसे वाढतात, तेही तपासायचं होतं.

"युरिया म्हंजी खताचा?" दादांनी विचारलं.

"लघवीतही असतो तो. तिथं काहीच वाया घालवता येत नाही."

माय इतका वेळ गप्प होती. "किती दिवसाला जातेत ती माणसं?"

"मंगळावर जाऊन यायचं तर दोन-तीन वर्षं."

"आन् लेकरं?"

मला उत्तर सुचलं नाही. दिवाळी झाली की माय-दादा ऊसतोडीला जायचे, मी आजीपाशी राहायचे. आदल्या रात्री माय हिशेब करायची: दोन माणसं, सहा महिने, बाजरीची पोती किती? ट्रॅक्टरमध्ये चूल, तवा, अंथरुणं, नि वर आजीनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी. चटणी पंधरा दिवसांत संपायची. आजी तरी दरवर्षी द्यायचीच. शुक्लांनीही सोबत गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा नि आमरस नेला होता.

त्या रात्री मायनं चमचाभर पूड बाजरीच्या पिठात मळली. भाकरी हिरवट झाली, वासही ओल्या मातीचा. तिनं ठेच्याशी एक घास खाल्ला, मग दुसरा.

"पोट भरंल ह्यानं," ती म्हणाली. "पर संगं घरचं कायतरी बांधून द्या म्हणावं त्येंना."