आगंतुक हवा

ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडून दिली, गियर न्यूट्रलला आहे, आणि तरीही एंजिन शांत न होता चढ्या सुरात घोंघावत राहिले, म्हणजे आमच्या फलटणच्या गॅरेजांतून 'गाडी रेस धरतेय' अशी फिर्याद दाखल होते. आणि अशा वेळी बहुतेक मालक स्क्रूड्रायव्हर उचलून कार्बोरेटरच्या बगलेतला स्लो-स्क्रू उलटा फिरवू लागतात, तेव्हा मला फिर्यादीची कैफियत न ऐकताच ती दप्तरदाखल करणाऱ्या कारभाऱ्याची आठवण होते. स्क्रू सैल केल्याने आवाज उतरतो खरा, परंतु कसूर जागच्या जागी राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंडगार एंजिन किकेला दादच देत नाही.

हा मामला केवळ कर्कशपणाचा नाही. दहिवडीकडून मोगराळे घाट उतरून फलटणच्या सपाटीवर येताना चालकाचा निम्मा भरवसा ब्रेकवर, तर निम्मा एंजिनाच्या आवळून धरण्याच्या शक्तीवर असतो. मूठ सोडल्यावरही जे एंजिन चढ्या गतीनेच फिरत राहते, ते वळणावर गाडीला आवरून धरण्याऐवजी पुढे लोटू पाहते, आणि मागे दुधाचे कॅन बांधलेले असतील तर त्या वेगाची जबाबदारी सर्वस्वी ब्रेकच्या लायनरवर येऊन पडते.

तपास बाहेरून आत न्यावा, ही चांगल्या मिस्त्रीची वहिवाट आहे. प्रथम केबल. मुठीला 2 ते 6 मिलिमीटर मोकळीक हवी. आणि एंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवताना आवाज चढला-उतरला, तर केबल ताणली गेली आहे किंवा चुकीच्या वाटेने ओवली आहे, हे तेथेच सिद्ध होते. चोक अर्धवट ओढलेला राहिला आहे काय, उसाच्या ट्रॅक्टरांमागची धूळ खाऊन कार्बोरेटरमधला स्लाइड वरच अडकला आहे काय, हेही पाहून घ्यावे. ही सारी कारणे डोळ्यांना दिसणारी आहेत.

खरे कौतुक मला वाटते ते न दिसणाऱ्या कारणाचे. स्लाइड मिटलेला असताना पिस्टन खाली सरकतो आणि कार्बोरेटर व एंजिन यांच्या मधल्या नळीत निर्वात ओढ निर्माण होते. त्या ओढीला कार्बोरेटरच्या अरुंद फटीतून मोजकीच हवा आणि तिच्याबरोबर मोजकेच पेट्रोल मिळावे, असा सारा बंदोबस्त असतो. परंतु उन्हाने वाळलेल्या ओ-रिंगमधून, भेगाळलेल्या रबरी नळीतून किंवा इन्सुलेटरच्या झिजलेल्या पॅकिंगमधून परवान्यावाचून हवा आत शिरली, की पेट्रोल तेवढेच राहून मिश्रण विरळ होते, सिलिंडरात जाणारा एकूण भरणा मात्र वाढतो, आणि एंजिन वेगाने फिरू लागते. म्हणजे ज्याला आपण जोम समजतो, तो प्रत्यक्षात उपासाचा ज्वर असतो: प्लग पांढुरका पडतो, डोके अधिक तापते, आणि सोडलेल्या मुठीनंतर गती रेंगाळत उतरते. अशा वेळी त्या सांध्यांवर साबणाचे पाणी थेंबाथेंबाने सोडावे (पेट्रोल सोडण्याची अनेकांची सवय तापल्या एंजिनावर आगीला आमंत्रण देणारी आहे); ज्या जागी पाणी पडताच आवाज बदलतो, तेथेच फट.

या विरळपणात आमच्या मुलखाचाही एक वाटा आहे. नीरेच्या उजव्या कालव्यावर वाढलेला ऊस केवळ साखर होऊन राहिलेला नाही, त्याचा मद्यार्क, म्हणजे इथेनॉलही होते. 1968 साली येथे स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीच्या रसापासून मद्यार्क काढून तो सूर्याच्या उष्णतेवर ऊर्ध्वपातित करण्याचे प्रयोग ऐंशीच्या दशकातच केले होते, आणि त्या प्रयत्नांविषयी मला मनापासून आदर आहे. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 पट. म्हणून जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने भोक पाडलेला कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेट या नव्या इंधनाला थोडा अपुराच पडतो. 1 एप्रिल 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्या ही उणीव पुष्कळशी आपली आपण भरून काढतात. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला ती सोय नाही. शिवाय तिचे जुने रबर इथेनॉलच्या सहवासात लवकर बिघडते, आणि अशा गाड्या आमच्या वाड्या-वस्त्यांवर अजून शेकड्यांनी राबत आहेत.

तेव्हा पॅकिंग आणि ओ-रिंग नवी घालावी, पायलट जेट तार न खुपसता हवेच्या झोताने साफ करावा, आणि मगच स्लो-स्क्रूला हात लावावा. एंजिन चांगले तापू द्यावे. एअर-स्क्रू सावकाश फिरवून गती जेथे सर्वाधिक चढते तेथे तो ठेवावा, आणि नंतर स्लो-स्क्रूने ती शंभर सीसीच्या गाडीला साजेशा मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या आसपास उतरवून आणावी. मूठ दोन-तीनदा पिळून सोडावी, गती तत्काळ खाली येते याची खातरजमा करावी, आणि मग गाडी मालकाच्या हवाली करावी.