रातकिड्यांची पाणपोई

रातकिडे पाळते म्हटलं की समोरच्या माणसाचं पुढे काय होणार ते मला पाठ झालं आहे. आधी नाक मुरडलं जातं, मग "कशाला?" असा प्रश्न येतो. खायला, असं सांगितलं की गोंधळ आणखी वाढतो. आपल्याला नाही हो. माशांना, सरड्यांना, पाखरांच्या पिल्लांना.

नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत प्लास्टिकचे मोठे खोके आहेत. झाकणांना बारीक तारेची जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले आणि त्या खळग्याखळग्यांत काळे रातकिडे. पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेली ही जात आपल्याकडचीच आहे. शास्त्रीय नाव ग्रायलस बायमॅक्युलेटस, म्हणजे दोन ठिपकेवाला. मुलाने सिल्व्हर अरवाना मासा आणला तेव्हा त्याच्या खाण्यासाठी हे सुरू झालं. ॲमेझॉनच्या पूर आलेल्या जंगलात पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचे किडे टिपणारा हा मासा. नोकरीसाठी मुलगा पुण्याला गेला, मासा त्याच्या सिडकोतल्या मित्राकडे गेला, किडे मात्र माझ्याकडे राहिले. आता सिडकोचा तो मित्र किडे नेतो, ऑस्ट्रेलियन दाढीवाला सरडा पाळणारी कॉलेजातली एक मुलगी नेते आणि उन्हाळ्यात जखमी पक्ष्यांसाठी धावपळ करणारी पोरं येतात. "काकू, आज मध्यम साइजचे आहेत का?" असं दारातच विचारतात. जिन्यात उभं राहून कुणी ऐकलं तर काय समजेल कोण जाणे. किरकिर फक्त नर करतात, तेही मोठे झाल्यावर पंखावर पंख घासून. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडे पावसाळा संपतच नाही का?"

बहुतेक लोक किडा विकत आणतात आणि तांदळाच्या डब्यासारखा ठेवून देतात. लागेल तसा काढायचा. त्यात एक मोठी गोष्ट नजरेआड होते. जिवंत रातकिड्याच्या वजनात ढोबळमानाने सत्तर टक्के पाणी असतं. किडे खाणाऱ्या पक्ष्यांची घरट्यातली पिल्लं वाटीतून पाणी पीत नाहीत. त्यांची तहान आईबापांनी आणलेल्या किड्यातूनच भागते. कितीतरी सरड्यांचंही पुष्कळसं तसंच. म्हणजे चार दिवस कोरड्या डब्यात पडलेला किडा भरवला तर पिल्लाला टरफल मिळतं, जेवणही नाही आणि पाणीही नाही. किड्याच्या पोटात काय आहे ते बघायचं, किडा बघायचा नाही. एवढं एक कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

तर आधी पाणी. सोपं वाटतं, पण रातकिडे पाळताना सगळ्यात जास्त मरतात ते पाण्यानेच. त्यांना नाक नाही. पोटाच्या दोन्ही कडांना बारीक भोकं असतात, त्यांतून हवा आत जाते. उथळ बशीत पडलेला किडा पोहत नाही, भोकांवर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि तो गुदमरतो. नुकती निघालेली पिल्लं तर टाचणीच्या डोक्याएवढी असतात, त्यांना एक थेंबही विहीर होते. बरं, पाणी ठेवलंच नाही तर? तहानलेले रातकिडे एकमेकांना खातात. कात टाकून नुकता बाहेर आलेला किडा पांढराशुभ्र आणि मऊ असतो. त्या तासाभरात त्याच्या अंगात पाणीच पाणी असतं आणि पळायची ताकद नसते. सकाळी खोक्यात नुसते पाय आणि पंख दिसले तर समजावं की रात्री पाणी आटलं होतं.

यावर लोक नाना उपाय सांगतात. स्पंजचा तुकडा ओला करून ठेवा म्हणतात. तो उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबूस वास मारायला लागतो. कापूस ठेवला तर त्याच्या तंतूंत बारक्या पिल्लांचे पाय अडकतात. माद्यांना ओली मऊ जागा दिसली की अंडी घालायचा मोह होतो, त्याही आपली सुईसारखी नळी कापसात खुपसून मोकळ्या होतात. दुकानात पाण्याचे पारदर्शक स्फटिक मिळतात, भिजवले की फुगून जेलीसारखे होतात. शेतकऱ्यांना ही वस्तू नवी नाही. जमिनीत ओल धरून ठेवण्यासाठी तशीच हायड्रोजेल वापरतात, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेलं पुसा हायड्रोजेल त्यातलंच. किड्यांसाठी हे चांगलं आहे, बुडायची भीती नाही. पण नाशिकच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत ते गोळे दुपारपर्यंत आक्रसतात, आणि शेतासाठी विकलेल्या पाकिटात खतं मिसळलेली असली तर ते किड्यांना द्यायचं नाही.

मला सगळ्यात पटलं ते वातीचं. रविवार कारंजावर कंदिलाची रुंद सुती वात अजून मिळते. ती साबणाशिवाय उकळून घ्यायची, बाटलीच्या झाकणाला चीर पाडून त्यातून ओढायची आणि दोन बोटं बाहेर ठेवायची. बाटलीत पाणी, बाहेर फक्त ओली पट्टी. किडे त्या पट्टीभोवती ओळीने बसतात आणि तोंड लावून पाणी ओढतात. रात्री टॉर्च लावून बघितलं तर गावच्या यात्रेतली पाणपोईच. वात विणलेली असते म्हणून पाय अडकत नाहीत. माद्या तिथेही अंडी घालून बघतात. त्यासाठी बाजूला ओल्या मातीचा डबा ठेवला की त्या तिकडे वळतात. आठवड्याने वात बदलायची, बस्स. अगदी लहान पिल्लांसाठी मात्र मी वातही ठेवत नाही. सोललेल्या गाजराच्या पातळ चकत्या ठेवते, त्यांतच खाणं आणि पिणं दोन्ही होतं.

गाजर का, तर त्याची साल जाड काढून टाकता येते. लाल भोपळ्याचंही तसंच. नाशिकमध्ये राहून भाजीपाल्याचा तोटा नाही, पण किडे पाळणाऱ्या माणसाला इथली मंडई जपून वापरावी लागते. टोमॅटो, ढोबळी मिरची, फ्लॉवर यांच्यावर किडे मारायचीच औषधं मारलेली असतात, आणि रातकिडा हा किडाच आहे. द्राक्षाचं तर बोलायलाच नको. पिंपळगाव-निफाडकडच्या बागांना हंगामात किती फवारण्या होतात ते बागाइतदाराला विचारा. निर्यातीच्या द्राक्षांची औषधाच्या अंशासाठी तपासणी होते आणि २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती वाढरोधकाच्या अंशावरून. माणसाला चालणारं प्रमाण आणि रातकिड्याला चालणारं प्रमाण यांत फार अंतर आहे. एका ओळखीच्यांनी प्रेमाने बागेतला हिरवागार पाला खोकाभर टाकला, संध्याकाळपर्यंत सगळे किडे उताणे. नवीन भाजी आली की मी चार-पाच किडे वेगळ्या बरणीत काढून त्यांना ती देते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघते. पूर्वीच्या राजेलोकांकडे अन्न चाखणारे असत म्हणतात, तसेच.

औषधाचा धोका घरातूनही येतो. मुंग्या ही रातकिड्यांच्या खोक्याची कायमची कटकट, आणि मुंग्या दिसल्या की आपला हात लक्ष्मणरेषेच्या खडूकडे जातो. तो खडू कीटकनाशकच आहे. डासांची कॉइल, भिंतीत खोचायचं लिक्विड, पावसाळ्यात गल्लीत येणारी धुराची गाडी, सगळ्यांचं काम एकच. त्या गाडीचा आवाज आला की मी आधी गॅलरीची खिडकी लावते आणि मग गॅस बंद करते, असं आमचे हे सगळ्यांना सांगतात. मुंग्यांसाठी आजीच्या स्वयंपाकघरातला उपाय चालतो. दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या दगडी वाट्या असत. माझ्या रॅकच्या पायांखालीही वाट्या आहेत.

रोजच्या खाण्यात अवघड काही नाही. गिरणीतून गव्हाचा कोंडा आणते आणि कोंबडीच्या पिल्लांना घालतात तो स्टार्टर भरडा त्यात मिसळते. त्यातल्या प्रथिनांनी वाढ होते आणि एकमेकांना खायची खोड कमी होते. थायलंडमध्ये हेच करतात. तिथे १९९८ च्या सुमारास खोन केन विद्यापीठाने रातकिडे पाळायची पद्धत शेतकऱ्यांना शिकवली आणि पुढे हजारो कुटुंबं तो धंदा करायला लागली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये त्यावर अहवालही काढला. ते लोक कोंबडीच्या खाद्यावर किडे वाढवतात आणि विकायच्या आधी काही दिवस भोपळ्यासारख्या भाज्यांवर आणतात, म्हणजे चव सुधारते. ते माणसांच्या चवीसाठी करतात. मला शेवटचे दोन दिवस वेगळ्या कारणासाठी लागतात.

रातकिड्याला हाडं नाहीत, त्याच्या अंगात कॅल्शियम अगदी थोडं असतं आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट, ढोबळ हिशेबाने नऊ पट. वाढत्या पिल्लाला किंवा सरड्याला लागतं उलट, कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी. नुसते किडे खाऊन वाढलेल्या जनावराचं शरीर मग हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. हाडं मऊ होतात, पाय वाकतात. एका वळवाच्या पावसानंतर पोरांकडे कोतवालाची दोन पिल्लं आली होती, ती पायांवर उभीच राहीनात. त्याआधी ज्यांच्याकडे होती त्यांनी त्यांना पोटभर भरवलं होतं, पण नुसते मीलवर्म म्हणजे त्या पिवळ्या अळ्या, आणि त्यांच्यातही कॅल्शियमचा असाच दुष्काळ. पशुवैद्यांनी सांगितलं, किडे द्या पण भरलेले द्या. तेव्हापासून माझ्याकडे तिसरा खोका आहे. जाणारे किडे आधी दोन दिवस त्यात मुक्कामाला असतात.

त्या खोक्यात नागली. पेठ-सुरगाण्याकडून शहरात येते तीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय, गव्हात चाळीसच्या आसपास. तरीही एकटी नागली पुरत नाही, कारण किड्याचं पोट ते केवढं. म्हणून अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून मैद्यासारखी बारीक करून घेते. चार भाग नागलीच्या पिठाला एक भाग पूड, म्हणजे मिश्रणात आठ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम होतं. भरड राहिली तर किडे हुशार आहेत, पीठ खातात आणि टरफल वगळतात. वर शेवग्याचा पाला, सोसायटीच्या आवारातल्या झाडाचा, ज्यावर कुणी काही मारत नाही. पालक देत नाही. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून बसतं. हे जेवण दोन दिवसांपेक्षा जास्त चालवायचं नाही, कारण एवढं कॅल्शियम किड्याला स्वतःला सोसत नाही, तो मरायला लागतो.

या कोरड्या पिठाची मेख पुन्हा पाण्यातच आहे. वात सुकली असेल तर किडे पिठाला तोंड लावत नाहीत. कितीही महाग पावडर आणा, तहानलेला किडा कोरडं खात नाही. थंडीतही तेच. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत गॅलरीतले किडे गारठून बसतात, किरकिर मंदावते, पोट रिकामं राहतं. अमेरिकेतल्या डोलबेअर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्रच दिलं होतं. आमचे हे हिवाळ्यात गॅलरीत घड्याळ घेऊन बसतात आणि चुकीचं तापमान सांगतात. सूत्र वेगळ्या जातीच्या किड्यांवरून बांधलेलं आहे, एवढंच माझं म्हणणं असतं. मी खोका घरात घेते, जुना पिवळा बल्ब लावते, तिशीच्या आसपास ऊब आली की किडे खायला लागतात.

कोतवालाच्या त्या दोन पिल्लांतलं एक उडालं. दुसऱ्याचे पाय आधीच वाकले होते, ते नाही वाचलं. सरड्यावाल्या मुलीला मी एवढंच सांगते की उरलेला किडा रात्री पिंजऱ्यात सोडून झोपू नकोस, भुकेला रातकिडा झोपलेल्या सरड्याला कुरतडतो. सोडायचाच असेल तर गाजराची चकती सोबत ठेव.

आणि तुम्हालाही एक सांगते. उन्हाळ्यात, वादळानंतर, झाडाखाली पिल्लू पडलेलं सापडलं की आपण पहिल्यांदा काय करतो, चमच्याने चोचीत पाणी ओततो. तसं करू नका. ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू तिथेच मरतं. दूध-पावही नको. जवळच घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर पिल्लू परत ठेवा, आईबाप त्याला टाकत नाहीत. जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्याचं पाणी किड्यातून येईल. किडे आम्ही पोचवतो.