मुलीला हॉटेल मॅनेजमेंटला घालताना



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत ठरावीक शब्द फिरू लागतात. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नाहीतर बी.कॉम. करून स्पर्धा परीक्षा. त्यात एखाद्या मुलाने "मला पर्यटन किंवा हॉटेल मॅनेजमेंट करायचंय" असं म्हटलं की घर गप्प होतं. मुलगा असेल तर "वेटर होणार का?" आणि मुलगी असेल तर "स्वयंपाक काय, घरीच शिकशील की!" ही ठरलेली वाक्यं.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. पालकसभेत हे बोलणं अनेकदा कानावर आलं होतं. २०२१ मध्ये ते माझ्याच घरात झालं. त्या वर्षी बारावीची लेखी परीक्षा न होताच निकाल लागला होता. कोरोनामुळे हॉटेलं बंद, पर्यटक नाहीत, तारकर्लीचे किनारे ओस. आणि नेमकं तेव्हाच आमची मुलगी म्हणाली, "मला हॉटेल मॅनेजमेंटलाच जायचंय."

सासूबाई म्हणाल्या, "शिकान-सवरान लोकांची उष्टी काढूक जातलंस काय गो?" ह्यांचा मुद्दा वेगळा होता. "जो धंदा एका रोगाने बंद पडतो, त्यात पोरीचं आयुष्य कशाला टाकायचं? वर रात्रपाळी, वर बार." दोघांचंही बोलणं प्रेमापोटीच होतं, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. म्हणून आम्ही रागावण्यापेक्षा माहिती काढायला बसलो. त्यातून जे कळलं आणि पुढच्या तीन वर्षांत जे पाहिलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

या शिक्षणात नेमकं काय असतं?

हॉटेल मॅनेजमेंटमध्ये चार मुख्य विभाग शिकवतात. पहिला स्वयंपाकघर, म्हणजे फूड प्रोडक्शन. दुसरा जेवण आणि पेयं वाढण्याचा. तिसरा फ्रंट ऑफिस, म्हणजे पाहुण्याच्या येण्यापासून जाण्यापर्यंतची सगळी नोंद. चौथा हाउसकीपिंग. याशिवाय हिशेब, खाद्यसुरक्षा, पोषण, कायदा, संगणक, संवादकौशल्य असे विषय असतात. पर्यटन व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम वेगळा. तिथे प्रवासाचं नियोजन, तिकिटं, सहलींची आखणी, स्थळांचा इतिहास-भूगोल आणि विपणन यांवर भर असतो. ग्वाल्हेरला मुख्यालय असलेली केंद्र सरकारची आयआयटीटीएम ही संस्था १९८३ पासून याच विषयाची आहे आणि तिचं एक केंद्र आपल्या शेजारी गोव्यातही आहे. पुष्कळ पालक ही दोन्ही शिक्षणं एकच समजतात. अर्ज भरण्याआधी हा फरक मुलाशी बोलून घ्या.

आता "त्यात शिकायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक गणित सांगते. मुलीने पहिल्या सुट्टीत ते आजीच्या समोर मांडलं होतं. समजा, एका हॉटेलात १०० खोल्या आहेत. भाडं ४,००० रुपये ठेवलं तर ७० खोल्या जातात. म्हणजे २,८०,००० रुपये. भाडं ३,५०० केलं तर ८५ खोल्या जातात. म्हणजे २,९७,५०० रुपये. भाडं उतरवून १७,५०० रुपये जास्त मिळाले. पण थांबा! आता १५ खोल्या जास्त झाडायच्या, तितक्या चादरी जास्त धुवायच्या, वीज-पाणी जास्त. या जादा खोल्यांचा खर्च प्रत्येकी सुमारे १,१६७ रुपयांच्या वर गेला, तर भाडं उतरवणं तोट्याचं. शिवाय आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. आंबा निदान दोन दिवस अढीत थांबतो, खोलीची रात्र थांबत नाही. सासूबाईंनी हे ऐकलं आणि विचारलं, "मगे भाडा किती ठेवचा?" त्या दिवसापासून त्यांचा विरोध निम्मा झाला.

स्वयंपाकघराचंही तसंच. कच्च्या मांसाला लाल पाट, मासळीला निळा, भाजीला हिरवा. हे पाट दिसायला बरे म्हणून नसतात, एकाचे जंतू दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून असतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात, म्हणून गरम ते गरमच आणि थंड ते थंडच ठेवायचं. शिजवलेला भात ओट्यावर तासन्‌तास का ठेवू नये, हे आमच्या घराला मुलीमुळे कळलं.

कॉलेज निवडताना

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १९५४ साली तिथे संस्था उभी राहिली. आज दादरला असलेली आयएचएम ती हीच. तिच्यासारख्या केंद्रीय संस्थांना एक राष्ट्रीय परिषद अभ्यासक्रम लावून देते आणि त्यांच्यासाठी देशपातळीवर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा होते. तिच्यात गणिती क्षमता, तर्क, सामान्यज्ञान, इंग्रजी आणि सेवाक्षेत्राचा कल पाहिला जातो. कुठल्याही शाखेतून बारावी झालेला, इंग्रजी विषय घेतलेला विद्यार्थी तिला बसू शकतो. तीन वर्षांची पदवी मिळते. राज्यात चार वर्षांची बीएचएमसीटी ही पदवीही आहे, तिच्यासाठी राज्याची सीईटी असते. आपल्या भागातल्या मुलांना पणजीजवळ पर्वरीची आयएचएम सगळ्यांत जवळची.

याशिवाय गल्लोगल्ली खासगी संस्था निघाल्या आहेत. काही खरोखर चांगल्या आहेत. पण आमच्याकडे एका संस्थेचा माणूस घरी येऊन बसला होता. "ताई, शंभर टक्के परदेशात नोकरी, आत्ता फक्त पन्नास हजार भरा." ह्यांनी त्याला तीन प्रश्न विचारले. पदवी कुठल्या विद्यापीठाची? गेल्या वर्षी तुमच्याकडून बाहेर पडलेल्या दहा मुलांचे फोन नंबर द्याल का? आणि फी परत मिळण्याचा नियम लेखी दाखवाल का? चहा अर्धा टाकून तो उठला. पालकहो, हे तीन प्रश्न लिहून ठेवा. खरी संस्था उत्तरं देते.

फीचंही स्पष्ट बोलते. सरकारी संस्थेतसुद्धा तीन वर्षांचा खर्च वसतिगृहासह काही लाखांवर जातो. आम्ही विद्यालक्ष्मी पोर्टलवरून शैक्षणिक कर्ज काढलं. पदवीनंतरचा पहिला पगार फार मोठा नसतो, हे मनाशी धरूनच हप्त्यांचा हिशेब करा.

खरी परीक्षा: इंडस्ट्रियल ट्रेनिंग

या शिक्षणात एक पूर्ण सत्र मुलांना खऱ्या हॉटेलात काम करावं लागतं. चारही विभागांत फिरून. आमच्या मुलीचं ट्रेनिंग दुसऱ्या वर्षी एका मोठ्या शहरात होतं. हाउसकीपिंगला असताना एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या. गादी उचलायची, चादरीचे कोपरे कापल्यासारखे दुमडायचे, न्हाणीघर चकचकीत करायचं. पायांना फोड आले. मग सर्व्हिसला आली. लोक चुटक्या वाजवून बोलावायचे.

सहाव्या आठवड्यात रात्री साडेबाराला फोन आला. "आई, मी परत येते. मला नाही जमणार."

मी काही न बोलता ऐकत राहिले. मग विचारलं, "कशाने दमलीस ते एकेक सांग." तिने यादीच सांगितली. उभं राहणं, झोप नाही, मेसचं जेवण, पाहुण्यांची मिजास. आणि शेवटी, जरा थांबून, एक सुपरवायझर सगळ्यांसमोर घाणेरड्या शब्दांत बोलतो आणि मुलींवर नको ते विनोद करतो.

तेव्हा आम्ही दोघांनी फोनवरच त्या यादीचे दोन भाग केले. पाय दुखणं, झोप मोडणं, उष्टी ताटं उचलणं हे या कामाचा भाग आहे. ते झेपणार की नाही, हे तिने ठरवायचं. पण घाण बोलणं हा कुठल्याच कामाचा भाग नाही. ते सोसणं म्हणजे शिक्षण नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि हा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. मी तिला हे सांगितलं आणि म्हटलं, "आधी दुसऱ्या भागाचा निकाल लावू. मग पहिल्याबद्दल तू ठरव. घरी यायचं तर ये, दार उघडंच आहे."

तिने तारीख-वारासह सगळं लिहून कॉलेजच्या ट्रेनिंग पाहणाऱ्या मॅडमना पाठवलं. आणखी दोघींनी सह्या केल्या. मॅडम स्वतः हॉटेलात गेल्या, समितीपुढे तक्रार झाली आणि त्या माणसाला ट्रेनी मुलींच्या कामावरून हलवलं. पुढचे आठवडे सोपे गेले असं नाही. पाय दुखतच राहिले. पण तिने ट्रेनिंग पुरं केलं. शेवटच्या महिन्यात ती फ्रंट ऑफिसला रात्रपाळी करत होती. दिवसभराचा हिशेब रात्री मिटवतात, त्याला नाइट ऑडिट म्हणतात. एका रात्री हिशेबात २१० रुपयांचा फरक लागेना, तो तिने पहाटे चारला शोधून काढला. तो फोनही आम्हाला आला, पहाटे चारलाच! ह्यांनी झोपेतूनच विचारलं, "मिळाले का पैसे?"

शाळेत आपण काय करू शकतो?

शिक्षक मित्रहो, या क्षेत्राला लागणाऱ्या गोष्टी आपण रोज शिकवतो, फक्त तसं सांगत नाही. शेकडेवारी म्हणजे खोल्यांचा आणि खाद्यखर्चाचा हिशेब. पत्रलेखन म्हणजे तक्रारीला दिलेलं नम्र उत्तर. मी आता अकरावीला असा प्रश्न देते: "पाहुण्याची खोली तयार नाही, तो रागावला आहे. त्याच्याशी चार वाक्यांत बोला." मुलं आधी फक्त "सॉरी सर" लिहितात. मग हळूहळू कळतं, की माफीबरोबर खोली किती वाजता मिळेल आणि तोवर काय सोय होईल, हेही सांगावं लागतं. वर्गात अबोल असलेली मुलं कधी कधी इथे फार छान लिहितात.

इतिहास-भूगोलाचं तर विचारूच नका. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आमच्याच जिल्ह्यातले. १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तरी किल्ला नीट समजावून सांगणारी, पाहुण्याला मालवणी जेवण स्वच्छ वाढून त्याचा हिशेब चोख ठेवणारी शिकलेली पोरं आपल्याला हवी तितकी मिळत नाहीत. ती मुंबई-गोव्याला जातात, कारण इथे या कामाला आपणच मान देत नाही.

पालकांनो, प्रवेशाआधी एवढं करा

मुलाला सुट्टीत आठ-पंधरा दिवस ओळखीच्या खानावळीत किंवा होम-स्टेमध्ये मदतीला पाठवा. सणाच्या दिवशी, सगळे मजा करत असताना, काम करायला लावा, कारण या धंद्यात दिवाळी म्हणजे गर्दीचा हंगाम. त्यानंतरही त्याला तिथेच जायचं असेल, तर अडवू नका. टीव्हीवरचा शेफ पाहून निघालेला असेल, तर त्याचं त्यालाच कळेल. आणि ट्रेनिंगला जाताना मुलीला आणि मुलालाही सांगा, की कष्ट आणि अपमान यांत फरक असतो. कष्टाला नाही म्हणू नकोस. अपमानाबद्दल लगेच फोन कर, रात्रीचे किती वाजलेत ते बघू नकोस.

आमची मुलगी आज पुण्यात एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. पगार बेताचा आहे, कर्जाचे हप्ते चालू आहेत, गणपतीला तिला दीड दिवस रजा मिळाली. ह्यांची काळजी पूर्ण गेलेली नाही. पुन्हा एखादी साथ आली तर काय, हा त्यांचा प्रश्न अजून उभाच आहे आणि मुलगी तो हसण्यावारी नेत नाही. म्हणून ती नोकरी करता करता हिशेबाचा आणखी एक कोर्स करते आहे. तो कुठल्याही धंद्यात चालेल. सासूबाईंनी मात्र मागच्या सुट्टीत माडाखालच्या दोन रिकाम्या खोल्या तिला दाखवल्या आणि विचारलं, "हेंचा भाडा किती ठेवशीत?"

तिने वही काढली. अजून आकडा ठरलेला नाही.